माझ्या तोंडवळ्याचा नट

जुन्या काळ्या-पांढऱ्या हिंदी सिनेमात एक विनोदी नट होता. किडकिडीत अंग, लांब मान, सुपासारखे कान आणि कायम नुकतंच काहीतरी ऐकून दचकल्यासारखे डोळे. बोलायच्या आधी तो आवंढा गिळायचा, गळ्याची घाटी वर जाऊन खाली यायची आणि तेवढ्यावर सगळं थेटर हसायचं. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत त्याचं नाव शेवटून तिसरं-चौथं असायचं. पडद्यावर तो असायचा फार तर पंधरा-वीस मिनिटं. कधी हॉटेलातला वेटर, कधी सावकाराचा मुनीम, कधी दवाखान्यातला कंपाउंडर. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आयुष्याची निम्म्याहून जास्त वर्षं त्याच नावानं लोकांनी मला हाक मारली आहे, आणि ते नाव आता लिहायलाही नकोसं वाटतं.

त्याच्यात आणि माझ्यात काही नातं नाही. आम्ही उमरीजवळच्या एका खेड्यातले, शेतीवाले. पण देवानं एक साचा दोनदा वापरला असावा.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते दादाच्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याला सिनेमातले विनोदी नट फार आवडायचे. हिरोचं त्याला काही कौतुक नव्हतं. हिरो काय, गाणं म्हणून निघून जातो, असं तो म्हणायचा. जाडा आणि रोडका अशी जोडी असलेले, तोतरे बोलणारे, थेंबही न पिता दारुड्याचं काम करणारे, बायकोच्या धाकातले असे सगळे नट त्याला पाठ होते. शेतात औत हाकताना तो त्यांचे आवाज काढायचा.

मी दहा वर्षांचा असताना उमरीला बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. दादा मला घेऊन गेला. सिनेमा तेव्हाही जुनाच होता, रीळ दोनदा तुटलं. तो नट पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा दादा हसता हसता एकदम थांबला आणि माझ्याकडे वळून पाहू लागला. मध्यंतराला बत्ती लागल्याबरोबर त्यानं मला काखेत हात घालून उचललं, बाकड्यावर उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बघा, बघा, हा इथं येऊन बसलाय." आधी जवळचे हसले, मग मागचे उठून पाहू लागले, मग बायकांच्या बाजूनंही हसणं आलं. मी आवंढा गिळला. माझीही घाटी वर जाऊन खाली आली असणार, कारण लोक आणखी हसले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत मला त्या नटाचं नाव पडलं. गावात पडलं. पुढं शिकायला नांदेडला गेलो तर तिथंही कुणीतरी ओळखलंच. मुखेडला गणिताचा मास्तर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. म्हणून मी कडक झालो. मुखेडची आणि पुढं लातूरची पोरं मला फार कडक मास्तर म्हणून ओळखतात. मी मुळात तसा नव्हतो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या मामांना चहा पिता पिता ठसका लागला. बायकोनं लग्नानंतर सांगितलं की तिनंही ओळखलं होतं, पण बोलली नाही. ती बोलली नाही म्हणूनच मी होकार दिला होता, हे मीही तिला सांगितलं.

सिनेमा पाहणं मी सोडूनच दिलं. टीव्हीवर जुनं काही लागलं की उठून बाहेर जायचो.

दादा पाटबंधारे खात्यात लागला आणि नांदेडलाच स्थायिक झाला. आमच्यात भांडण असं कधी नव्हतं. वाटण्या झाल्या त्याही चहाच्या एका कपात झाल्या. पण घरातलं कोणतंही कार्य असो, चार पाहुणे जमले की दादा मला त्याच नावानं हाक मारणार, नव्या माणसाला माझ्यासमोर आणून "ओळखा पाहू" म्हणणार. मी हसल्यासारखं करायचो. माझ्या मुलीच्या लग्नात मात्र त्यानं व्याह्यांसमोर हे केलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, आता बस कर. लई झालं."

मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण दादाचा चेहरा उतरला. त्यानं मान हलवली आणि मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

त्यानंतर त्यानं ते नाव कधीही उच्चारलं नाही. मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारू लागला. फोनवर तब्येत विचारायचा, पाऊसपाणी विचारायचा आणि वहिनींकडे फोन द्यायचा. अशी दहा-बारा वर्षं गेली. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. तरी फोन ठेवल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, आणि त्याचा मी फार विचार केला नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या. मग गल्ली, मग माणसं. मुलगा परदेशी. घरात वहिनी आणि दादा. एक दिवस सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे काही खाऊन न्हाई राहिले. दोन दिस झाले. गोळी दिली की म्हणतात, जहर देऊन राहिली मला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. वहिनी रडणाऱ्या बाई नाहीत. मी पिशवीत एक सदरा टाकला आणि लातूरहून अहमदपूर-लोह्यावरून जाणारी नांदेड गाडी धरली.

दुपारी पोचलो. दादा बैठकीत पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. वाळला होता. समोर पोह्यांची बशी तशीच होती. मी दारात चपला काढल्या आणि त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, बरा झाला. तो पलंगाला धरून उठला, दोन्ही हात जोडले आणि आमच्या भागातल्या हिंदीत म्हणाला, "साब, आप? हमारे घरकू आये? बैठो, बैठो."

मला वाटलं, इतक्या वर्षांनी पुन्हा थट्टा करतोय. त्याच क्षणी माझा राग वर आला. मी म्हटलं, "दादा, मी आहे." तो ऐकतच नव्हता. वहिनींना सांगत होता की बंबईहून साहेब आलेत, चहा टाका, चांगली कपबशी काढा. मी वहिनींकडे पाहिलं. ही थट्टा नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. स्वयंपाकघरात जाता जाता त्या हलकेच म्हणाल्या, "असू द्या भाऊजी. बसा."

मी बसलो. दादानं त्याची बशी माझ्याकडे सरकवली आणि नाश्ता घ्या म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही घ्या, मग मी घेतो. हे मी मराठीत म्हटलं आणि तो गोंधळल्यासारखा पाहू लागला. तेव्हा पुन्हा हिंदीत म्हटलं, "आप लेंगे तो हम लेंगे." पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून त्यानं पहिला घास घेतला. दोघांनी मिळून बशी संपवली. चहाबरोबर मी माझी रक्तदाबाची गोळी काढून घेतली. त्यानं ते पाहिलं, वहिनींनी तळहातावर ठेवलेली त्याची गोळी उचलली आणि "साब भी लेते," असं म्हणून गिळून टाकली. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होतो. सख्ख्या भावानं मला ओळखलं नाही याचं दुःख होतंच. पण ज्या तोंडापासून मी आयुष्यभर पळालो, त्या तोंडाला त्यानं ओळखलं, याचा राग त्याहून जास्त होता. म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही.

तीन दिवसांनी वहिनींचा पुन्हा फोन. साहेब परत कधी येणार, असं दादा सारखं विचारत होता. बायकोला मी म्हटलं की हे नाटक माझ्याच्यानं व्हायचं नाही. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं, तुम्ही गेल्यावर ते जेवतात का? मी म्हटलं, जेवतात. ती पुन्हा भाजी निवडू लागली.

अडचण अशी होती की तो नट बोलतो कसा, चालतो कसा हे मला ठाऊकच नव्हतं. तंबूतल्या त्या एका सिनेमानंतर मी त्याला पाहिलं नव्हतं, आणि तोही मध्यंतरापर्यंतच; पुढं मी मान वर केलीच नव्हती. मुलगी लातुरातच असते. तिनं येऊन टीव्हीवर त्याचे जुने सिनेमे काढून दिले. मी वही-पेन घेऊन बसलो, जसा पाठ काढायला बसायचो तसा. पहिले दोन दिवस अंगावर काटा येत होता. आपलंच तोंड मार खातंय, पाण्यात पडतंय, बाईच्या चपलेला घाबरतंय, आणि आपण गोधडी पांघरून ते बघतोय.

मग हळूहळू वेगळंच दिसायला लागलं. एका सिनेमात तो कंपाउंडर आहे. डॉक्टर त्याला थोबाडीत मारतो. मारल्यावर तो लगेच काही करत नाही. एक क्षण थांबतो, हातातली बाटली नीट टेबलावर ठेवतो, बूच लावतो, आणि मग गालाला हात लावतो. मी तो तुकडा दहा वेळा पाहिला असेल. त्या बुचामुळे हसू येत होतं, चेहऱ्यामुळे नाही. चेहरा फक्त दार उघडून द्यायचा. आतलं सगळं त्याच्या मेहनतीचं होतं. कुठं उभं राहायचं, हिरोच्या किती मागं, मान किती अंशात वळवायची, हे त्यानं भूमितीसारखं बसवलं होतं. आणि एवढं करून तो कधी प्रेक्षकांकडे कीव मागायला पाहत नव्हता. मी उगाच समजत होतो की लोक माझ्या तोंडाला हसतात म्हणजे त्यालाही नुसतं तोंडालाच हसतात. मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला. साठ वर्षं त्याच्यावर राग धरला होता, आणि तो बिचारा इमानानं आपलं काम करत होता.

मग मी दर गुरुवारी जायला लागलो. सकाळची गाडी, दुपारी जेवण दादाबरोबर, चार-साडेचारला परत. दादा सकाळीच धुतलेला सदरा घालून बसायचा. त्याचे प्रश्न तयार असायचे. तो दारुड्याचं काम करणारा खरंच पीत नव्हता का? जाड्या नटाला पळताना धाप लागायची तर शूटिंग थांबवत होते का? तुम्हाला कधीच हिरोईन का मिळाली नाही? मी जेवढं वाचलं-पाहिलं होतं तेवढं सांगायचो, बाकीचं रचायचो. रचताना लाज वाटायची. गणितात असं चालत नाही.

एकदा त्यानं परीक्षाच घेतली. वो निगलने का करके दिखाओ, म्हणाला. मी आवंढा गिळून दाखवला. दादानं बारकाईनं पाहिलं आणि अगदी सहानुभूतीनं म्हणाला, "उमर हो गयी साब आपकी." स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. वहिनी ओट्याला धरून हसत होत्या. मलाही हसू आवरेना. माझ्या तोंडाला कुणी हसलं आणि मीही त्यात सामील झालो, असं ते पहिल्यांदा घडलं.

वहिनींना मी एकदा विचारलं की हे फसवणं तर नाही ना? त्या म्हणाल्या की तुम्ही भाऊ म्हणून आलात तरी ते पाहुणाच समजणार. आवडता पाहुणा झालात तर काय बिघडलं?

थंडीच्या दिवसांत आम्ही पुढच्या अंगणात उन्हाला बसायचो. वहिनींनी बाजारातून हरभऱ्याच्या जुड्या आणल्या होत्या. मधे परात ठेवून आम्ही तिघं घाटे सोलत होतो. दादाची बोटं अजून चांगली चालायची. परात निम्मी भरत आली. मग दादा म्हणाला, "मेरा एक छोटा भाई है. बिलकुल आपके जैसा दिखता."

वहिनींचा हात थांबला. मी विचारलं, कुठं असतो?

"लातूरकू. गणित सिखाता. लई हुशार." इथून पुढं तो मराठीतच बोलू लागला, आणि समोर बंबईचा माणूस बसलाय हे विसरून गेला. "लहान असताना मी त्याला तंबूत बाकड्यावर उभा केला. म्हटलं, बघा. मला वाटलं, त्याला आनंद होईल. मला कुणी म्हटलं असतं की तू त्या नटासारखा दिसतो, तर मी जिंदगीभर ताठ मानेनं फिरलो असतो. माझं तोंड कुणासारखंच न्हाई." त्यानं एक घाटा फोडला, दाणा परातीत टाकला. "तो रडला न्हाई. पण हसला पण न्हाई. लग्नात मला म्हणाला, बस कर. मी बस केलं. पण मग त्याच्याशी बोलावं काय, ते मला सुचेनाच. दुसरं काही येतच नव्हतं."

माझ्या हातातला घाटा तसाच होता. मला सांगावंसं वाटलं की दादा, मीच तो. सांगितलंही असतं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तो भाऊ नव्हता, प्रेक्षक होता. त्यानं विचारलं, "साब, लोगां हसे तो गुस्सा आता क्या आपकू?"

मी म्हटलं, "पहले आता था. अब नहीं आता."

"सच?"

"सच."

हे मात्र मी रचलेलं नव्हतं.

त्यानं मान डोलावली. मग परातीतले ओंजळभर दाणे घेऊन माझ्या पुढ्यात धरले आणि म्हणाला की तुम्ही लातूरवरून जाल तेव्हा हे त्याला द्या. पत्ता सांगायला लागला. गल्लीचं नाव आठवेना. वहिनींकडे वळून विचारू लागला. वहिनी उठून आत गेल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्या नाहीत. मी रुमालात दाणे बांधले आणि म्हटलं, देतो.

घरी आल्यावर बायकोनं त्यांची उसळ केली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अजून थोडी वाढू का? मी हो म्हटलं.

पुढच्या काही गुरुवारी मी पुन्हा पुन्हा त्या विषयाच्या आसपास गेलो. तुमचा भाऊ काय करतो, असं विचारलं. पण ते दार बंद झालं होतं. एकदा म्हणाला, भाऊ नाही मला. एकदा म्हणाला, वारला. मी वाद घातला नाही. उन्हाळा लागेपर्यंत ते साहेबही त्याच्या डोक्यातून गेले. मी दारात आलो की तो पाहायचा, पण उठायचा नाही. हिंदीही बोलेना. टीव्हीवर त्या नटाचा सिनेमा लावून पाहिला. दादा पंख्याकडे बघत बसला. वहिनींनी विचारलं की भाऊजी, आता कशाला एवढ्या उन्हात धावपळ करता? मी म्हटलं, गाडीचा पास काढलाय. पास वगैरे काही नाही, त्यांनाही ते ठाऊक आहे.

आता गेलो की मी त्याला भरवतो. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. भरवताना मी मराठीतच बोलतो, त्याला दादा म्हणतो. शेतातल्या गोष्टी सांगतो, मुखेडच्या पोरांच्या सांगतो. कधी तो घास तोंडात घेतो, कधी घेत नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चालायचं.

गेल्या गुरुवारी जेवण झाल्यावर वहिनींनी स्वतःसाठी म्हणून एक जुना सिनेमा लावला. त्यात माझा नट नव्हता. जाड्या आणि रोडक्याची जोडी होती. दोघं मिळून एक पलंग अरुंद दारातून बाहेर काढत होते आणि तो निघत नव्हता. जाड्या आत अडकला, रोडक्या बाहेर. वहिनींना असं हसू फुटलं की चष्मा काढून मांडीवर ठेवावा लागला. दादानं पंख्यावरची नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. टीव्हीकडे नाही, त्यांच्याकडे. थोडा वेळ पाहत राहिला, आणि मग त्यालाही हसू आलं, आवाज नसलेलं, खांदे हलवणारं. कशाला हसतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. वहिनी हसत होत्या म्हणून तो हसत होता.

वहिनींनी तो तुकडा मागं नेऊन पुन्हा लावला. आम्ही तिघांनी तो पुन्हा पाहिला. मग दादाला झोप आली. वहिनींनी आवाज बारीक केला, मी त्याच्या पायावर चादर टाकली आणि साडेचारची लातूर गाडी धरायला निघालो.